लग्नाच्या कॅसेटमधले फणीचे दात

मिनीडीव्ही कॅसेटवरचं लग्न संगणकात घेतलं की पहिली तक्रार ठरलेली असते. माणूस उभा आहे तोवर चित्र छान. तो वळला, हात हलला, की कडेला फणीचे दात उगवतात. त्यावरचा सल्लाही ठरलेला: ‘डीइंटरलेस मार,’ म्हणजे हे दात पुसणारा फिल्टर लाव. डॉक्टरने ‘औषध घ्या’ एवढंच सांगून उठावं, तसा हा सल्ला आहे. कोणतं औषध, किती, हे न ठरवता घेतलं तर दात जातात, पण त्यांच्याबरोबर निम्मी हालचाल किंवा चित्रातला बारकावाही जातो, आणि काही गेलं हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

खालची प्रक्रिया पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) डीव्ही शूटिंगवर केलेली आहे; डीव्ही म्हणजे मिनीडीव्ही कॅसेटवरचं डिजिटल चित्र. साधारण २००० ते २०१० या काळात आपल्याकडच्या लग्नांत सर्रास दिसणारा हा प्रकार: साठ मिनिटांची कॅसेट, ७२० × ५७६ चं चित्र, फायरवायर केबलने घेतलेली फाइल. फायरवायर मुद्दाम, कारण त्यात कॅमेरा टेपवरचे आकडे जसेच्या तसे संगणकाला देतो. मध्ये पुन्हा एन्कोडिंग होत नाही. विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. ही फाइल म्हणजे मूळ कॅसेटच समजायची. पुढे जे काही करायचं ते तिच्या प्रतीवर, आणि हिला हात लावायचा नाही.

एक गोष्ट मात्र आधीच टाळायला हवी. पिवळी-पांढरी-लाल पिन घेऊन एचडीएमआय देणारा छोटा प्लास्टिकचा डबा बाजारात स्वस्तात मिळतो, आणि व्हीएचएससाठी बरेच जण तोच लावतात. तो डबा डीइंटरलेसिंग आतल्या आत, आणि अगदी ढोबळपणे, उरकून टाकतो. त्यातले बरेच डबे वर सेकंदाला ५० ऐवजी ६० चित्रं बाहेर देतात, म्हणजे दर पाच चित्रांमागे एक पुन्हा दाखवतात; वरात चालताना ठेच लागल्यासारखी दिसते ती यामुळे. एकदा या डब्यातून गेलं की मूळ फील्ड, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली अर्धी-अर्धी चित्रं, उरत नाहीत, मग पुढचा कोणताही फिल्टर निरुपयोगी. व्हीएचएस घ्यायची तर फील्ड जशीच्या तशी देणारं कॅप्चर कार्ड घ्यावं आणि एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्हीसारख्या, काहीच न गमावणाऱ्या कोडेकमध्ये (चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत) साठवावं. काहीच न दाबता ४:२:२ मध्ये (रंगाची माहिती उजेडाच्या निम्मी ठेवून) ठेवलं तर तासाला जवळपास ७५ जीबी होतात. हे कोडेक त्यातला बराच भार उतरवतात.

दात येतात कुठून

पाल चित्रात सेकंदाला २५ फ्रेम असतात हे सगळ्यांना माहीत असतं. कॅमेरा मात्र सेकंदाला ५० वेळा बघतो. प्रत्येक वेळी तो एकाआड एक अशा २८८ रेषाच टिपतो. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणायचं. दोन फील्ड एकमेकांत विणली की फ्रेम होते, पण त्या दोघांत २० मिलिसेकंदांचं अंतर असतं. नाचणारी करवली दोन सेकंदांत चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली, तर १०० फील्डमध्ये ७२० पिक्सेल, म्हणजे दर फील्डला सात पिक्सेल सरकली. फ्रेम थांबवून पाहिली तर दातही सात पिक्सेल लांब दिसतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ते कधीच दिसत नसत, कारण ट्यूबही फील्ड एकामागून एक रंगवत जायची. संगणकाचा आणि मोबाइलचा पडदा पूर्ण फ्रेम एका दमात दाखवतो, म्हणून लपलेलं भांडण बाहेर येतं.

यातून निवडीचा खरा प्रश्न कळतो. कॅसेटवर सेकंदाला ५० वेगळे क्षण आहेत. ते सगळे ठेवायचे, की निम्मे टाकायचे? यॅडिफ की बीडब्ल्यूडिफ की क्यूटीजीएमसी, हा डीइंटरलेस फिल्टरांचा वाद त्यानंतरचा. आणि या दोन्हींच्याही आधी एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर चुकलं की उत्तमातला उत्तम फिल्टरही चित्र बिघडवतो: दोन फील्डपैकी आधी कोणतं?

फील्डचा क्रम

मीडियाइन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारा प्रोग्राम) फाइल उघडली की ‘स्कॅन टाइप’ आणि ‘स्कॅन ऑर्डर’ या दोन ओळी बघायच्या. डीव्ही असेल तर इंटरलेस्ड आणि बॉटम फील्ड फर्स्ट दिसायला हवं, कारण डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. हाच नियम अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेल्या एनटीएससी (तिकडची टीव्हीची पद्धत) डीव्ही कॅसेटलाही लागू. एचडीव्ही (कॅसेटवरचं एचडी) आणि १०८०आय प्रसारणात उलट, वरचं आधी. पाल डीव्हीडीत बहुतेकदा वरचं, पण लग्नाच्या मिक्सिंगवाल्याने डीव्हीवरून थेट बनवलेली डीव्हीडी खालच्या फील्डचीच राहिलेली असू शकते. पाल व्हीएचएसमध्ये बहुधा वरचं आधी येतं, तरी शेवटी ते कार्डवर अवलंबून.

मीडियाइन्फो फक्त लेबल वाचतं. डब्यावर हळद लिहिलंय म्हणून आत हळदच असेल असं नाही. म्हणून दुसरी चाचणी एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनातल्या आयडेट फिल्टरची. तो प्रत्येक फ्रेम तपासून शेवटी चार रकान्यांत बेरीज देतो: टीएफएफ (वरचं फील्ड आधी), बीएफएफ (खालचं आधी), प्रोग्रेसिव्ह (एकाच क्षणाची पूर्ण फ्रेम) आणि अनिर्णित. बेरजेच्या दोन ओळी येतात. ‘मल्टी फ्रेम’ची ओळ मागचे निकाल लक्षात घेऊन बनते, तीच जास्त भरवशाची. इथे नवख्यांची फसगत होते ती तुकडा निवडताना. नवरी-नवरा सत्यनारायणाला बसलेत आणि कॅमेरा तिवईवर आहे, अशा पाच मिनिटांवर आयडेट चालवला तर तो निम्म्याहून जास्त फ्रेम प्रोग्रेसिव्ह किंवा अनिर्णित सांगेल, कारण काही हललंच नाही तर दोन फील्डमध्ये फरक कुठून सापडणार? वरात घ्या, लेझीम घ्या, जेवणाच्या पंगतीवरून फिरवलेला कॅमेरा घ्या. दोन-तीन हजार फ्रेम पुरतात. तिथे बीएफएफच्या रकान्यात जवळजवळ सगळे आकडे आणि टीएफएफमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असं आलं की क्रम पक्का. दोन्ही रकाने भरलेले दिसले तर मिक्सिंगमध्ये कुणीतरी गोंधळ घातला आहे.

तिसरी चाचणी डोळ्यांची, आणि शंका असेल तेव्हा हीच निर्णायक. अ‍ॅविसिंथमध्ये (स्क्रिप्ट लिहून व्हिडिओ हाताळायचं साधन) ‘अझ्यूमबीएफएफ’, म्हणजे खालचं आधी, असं लिहून त्यापुढे फील्ड सुटी करणारं ‘सेपरेटफील्ड्स’ लावायचं आणि एकेक चित्र पुढे सरकवत जायचं. वरातीतला घोडा प्रत्येक पावलाला पुढेच जात असेल तर क्रम बरोबर. क्रम उलटा असेल तर चित्रं दोन, एक, चार, तीन अशी येतात: घोडा एक पाऊल मागे येतो आणि मग तीन पावलं पुढे उडी मारतो. चालू व्हिडिओत हीच गोष्ट थरथरल्यासारखी दिसते. या चुकीला लोक ‘क्यूटीजीएमसी खराब निघालं’ म्हणतात, बिटरेट वाढवून पाहतात, स्टॅबिलायझर लावतात. कशानेच फरक पडत नाही.

मिक्सिंग केलेल्या कॅसेटमध्ये क्रम मध्येच बदलतो, हे आपल्याकडचं खास दुखणं. शूटिंग खालच्या फील्डचं, पण प्रोजेक्टची सेटिंग वरच्या फील्डची. मग कापलेले तुकडे बरोबर आणि ‘शुभ विवाह’चं सरकणारं टायटल, गुलाबाच्या पाकळ्या, हृदयाच्या आकाराचं ट्रान्झिशन उलट्या क्रमात. काही वेळा स्लो मोशनचे तुकडे मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरनेच आधी डीइंटरलेस करून ठेवलेले असतात. एका सेटिंगने अख्खी फाइल काढायचा हट्ट सोडावा लागतो. टायटल आणि इफेक्टचे तुकडे वेगळे कापून त्यांना त्यांच्या क्रमाने चालवायचं, नंतर सांधायचं. मूळ कच्च्या कॅसेट मिळत असतील तर मिक्सिंग केलेली प्रत बाजूला ठेवून त्याच घ्याव्यात. एका शब्दाने विचारलं तरी बऱ्याच घरांत त्या माळ्यावर निघतात.

२५ की ५०

फ्रेमचा दर अर्धा ठेवून काढलेली फाइल स्थिर चित्रात ५० वाल्या फाइलसारखीच दिसते, म्हणून तुलना करताना लोक फसतात. दोन्ही थांबवून बघतात आणि ‘काहीच फरक नाही’ म्हणतात. फरक चालू असताना आहे. ढोल वाजवणाऱ्याचा हात, फुगडी, कॅमेऱ्याने झपकन फिरवलेला मंडप: २५ मध्ये हे सगळं सिनेमासारखं तुटक होतं, ५० मध्ये कॅसेट टीव्हीवर लावल्यावर दिसायचं तसं सरसरीत राहतं. घरगुती शूटिंगची जी ओळखीची ‘व्हिडिओची’ हालचाल असते, ती या ५० मध्येच आहे. सिनेमासारखं दिसावं म्हणून २५ करणारे असतात. आवड ज्याची त्याची, पण निम्मं शूटिंग टाकून ते मिळतं हे माहीत असून करावं.

फाइल दुप्पट होते ही भीतीही फुगवलेली आहे. शेजारच्या दोन फ्रेम २० मिलिसेकंदांच्या अंतरावर असतात, बऱ्याच सारख्या असतात, आणि एन्कोडर नेमका हा सारखेपणाच वाचवत असतो. त्याच सीआरएफला (एन्कोडरला दिलेला गुणवत्तेचा आकडा) ५० ची फाइल मोठी होते, पण दुप्पट नाही.

नकळत २५ होण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. एफएफएमपेगमधल्या यॅडिफचा मुळातला मोड एका फ्रेमला एक फ्रेम देणारा आहे, म्हणजे २५. बीडब्ल्यूडिफचा मुळातला मोड प्रत्येक फील्डची एक फ्रेम करतो, म्हणजे ५०. एकाच सवयीने दोन्ही वापरले तर वेगवेगळे निकाल येतात आणि लोक त्याचं श्रेय फिल्टरच्या गुणवत्तेला देतात. यॅडिफला तीन आकडे कोलनने जोडून देता येतात: मोड, पॅरिटी आणि कोणत्या फ्रेमवर चालायचं ते. डीव्हीसाठी १:१:० द्यायचे; पहिला १ म्हणजे प्रत्येक फील्डची फ्रेम, दुसरा १ म्हणजे खालचं फील्ड आधी, आणि ० म्हणजे लेबल काहीही असो, प्रत्येक फ्रेमवर चाल. त्यानंतर बाहेर जाणारा फ्रेमदर कुठेतरी २५ लिहिलेला राहिला, तर एफएफएमपेग निमूटपणे एकाआड एक फ्रेम टाकून देतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रामच्या नेहमीच्या प्रिसेटमध्ये (तयार सेटिंगमध्ये) डीकॉम्ब हा फिल्टर असतो. तो दात सापडलेल्या फ्रेमच दुरुस्त करतो आणि २५ च देतो. तिथे ‘बॉब’ हा प्रत्येक फील्डची फ्रेम करणारा पर्याय स्वतः निवडावा लागतो, आणि ज्या प्रिसेटच्या नावात ३० आहे त्यात फ्रेमदराची कमाल मर्यादा ३० असते. ती काढून ५० करायची. हे दोन्ही केल्याशिवाय हँडब्रेकला नावं ठेवू नयेत.

तीन तुकडे

फिल्टर निवडताना अख्ख्या तासावर प्रयोग करण्यात अर्थ नाही. दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे पुरतात, आणि मराठी लग्नात ते हमखास सापडतात. पहिला: ‘सावधान’ म्हटल्यावर उडणाऱ्या अक्षता. बारीक, चमकदार, सगळ्या दिशांना आणि वेगात. दुसरा: पैठणीचा किंवा शालूचा जरीकाठ, शक्यतो आडवा आणि कॅमेरा हळूच सरकत असताना. तिसरा: स्टिल फोटोग्राफरचा फ्लॅश. फ्लॅश इतका क्षणिक असतो की तो बऱ्याचदा एकाच फील्डवर पडतो. एक फील्ड पांढरं, शेजारचं नेहमीचं.

सोप्या पद्धतींपासून सुरुवात. एक फील्ड टाकून दिलं तर जरीकाठ २८८ रेषांवर आला आणि त्याच्या पायऱ्या झाल्या. दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळणारी ब्लेंड पद्धत दात घालवते, पण प्रत्येक हलत्या गोष्टीला फिकट जुळं देते: अक्षता दुप्पट, मुंडावळ्या दुप्पट. वाईट भाग असा की ही दुहेरी सावली नंतर निघत नाही. दात परत उसवता येतात. मिसळलेला रंग वेगळा काढता येत नाही. ब्लेंड कुठेच वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. साधा बॉब म्हणजे प्रत्येक फील्ड ताणून पूर्ण उंचीचं करणं: हालचाल अचूक, अक्षता स्वच्छ, पण जरीकाठ आणि मंडपाच्या आडव्या पट्ट्या सेकंदाला ५० वेळा वरखाली डुगडुगतात.

यॅडिफ या दोघांच्या मध्ये बसतो. मायकेल नीडरमायर यांनी तो एमप्लेअर या व्हिडिओ प्लेअरसाठी लिहिला, आणि आज तो जवळजवळ प्रत्येक साधनात सापडतो. हरवलेल्या रेषेवरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी तो वरच्या-खालच्या रेषांतून कडेच्या दिशेने अंदाज काढतो, मग मागच्या आणि पुढच्या फील्डमध्ये त्या जागी काय होतं हे बघतो, आणि अंदाज फार भरकटला असेल तर त्याला आवर घालतो. त्यामुळे स्थिर भागात पूर्ण ५७६ रेषांचा बारकावा टिकतो आणि हलत्या भागात तो आपोआप फील्डच्या अंदाजावर येतो. अक्षतांवर तो चांगला ठरतो. प्रत्येक दाणा जिथे होता तिथेच दिसतो. जरीकाठावर, कॅमेरा हळू सरकत असताना, तिरप्या कडांना जिन्याच्या पायऱ्या येतात आणि किंचित लुकलुक राहते.

बीडब्ल्यूडिफ यॅडिफच्याच पायावर उभा आहे. त्याने बीबीसीच्या संशोधन विभागातून आलेल्या वेस्टन फिल्टरचा लांब पल्ल्याचा हिशेब आणि क्यूबिक अंदाज त्यात जोडले. पायऱ्या कमी होतात, वेगात फारसा फरक पडत नाही. या दोघांतच निवडायचं असेल तर बीडब्ल्यूडिफ घ्यावा. यॅडिफ घ्यायचं कारण एवढंच की एखाद्या साधनात दुसरा नसतो.

क्यूटीजीएमसी ही वेगळ्याच तऱ्हेची गोष्ट आहे. ती एक लांबलचक अ‍ॅविसिंथ स्क्रिप्ट आहे, डिडे या टोपणनावाच्या लेखकाच्या टेम्पगॉसएमसीवर बेतलेली, व्हेपरसिंथ या तशाच साधनातही मिळते. ती आधी एनएनईडीआय३ या न्यूरल नेटवर्कने प्रत्येक फील्ड पूर्ण उंचीचं करते, मग एमव्हीटूल्सने चित्राचे चौकोन पुढच्या-मागच्या फ्रेममध्ये कुठे सरकले ते शोधते, आणि त्या मागोव्यावर आधारून लुकलुक पुसते. जरीकाठावर तिला तोड नाही. काठ सरकताना खिळल्यासारखा स्वच्छ राहतो, तारांची डुगडुग पूर्ण जाते. याची किंमत वेळेत मोजायची: एक तासाची कॅसेट साध्या लॅपटॉपवर ‘स्लोअर’ प्रिसेटला, जो तिचा मुळातलाच प्रिसेट आहे, काही तास घेते. रात्री लावून झोपायचं काम.

पण अक्षतांवर तिची अडचण होते. चौकोनांचा मागोवा घेणाऱ्या पद्धतीला एक-दोन पिक्सेलचा, दर फील्डला वीस पिक्सेल उडणारा तांदळाचा दाणा सापडणार कसा? दाण्यांच्या कडा मऊ पडतात, काही मागच्या रंगात विरतात. फ्लॅशच्या तुकड्यातही मागोवा तुटतो, कारण शेजारच्या फ्रेमशी उजेडच जुळत नाही. शिवाय लुकलुक पुसताना ती टेपचा दाणाही (ग्रेन, चित्रातली बारीक खरखर) पुसते आणि चेहऱ्यांना मेणाचा गुळगुळीतपणा आणू शकते. त्यावर दोन उपाय उपयोगी पडतात. ‘टीआर२’ हा पुसण्याचा जोर ठरवणारा आकडा वाढवायचा नाही, १ वरच ठेवायचा; आणि ‘ईझेडकीपग्रेन’ला १ च्या आसपास आकडा द्यायचा, म्हणजे पुसलेल्या दाण्यातला काही परत घातला जातो. ‘सोर्समॅच’ वाढवला की निकाल मूळ रेषांच्या जवळ येतो, पण वेळ आणखी वाढतो आणि थोडी लुकलुक परत येते.

शेवटी ठरलं ते असं: विधी, पंगत, गप्पा, घरभरणी यांना क्यूटीजीएमसी ‘मीडियम’ किंवा ‘स्लो’वर, टीआर२ एकवर, मंगलाष्टकं आणि अक्षतांचा मिनिटभराचा भाग बीडब्ल्यूडिफने, दोन्ही ५० वर, म्हणून सांधा दिसत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर अख्खी कॅसेट बीडब्ल्यूडिफने ५० वर काढली तरी ती २५ वर काढलेल्या क्यूटीजीएमसीपेक्षा चालताना चांगली दिसते.

क्यूटीजीएमसी बसवताना ६४ बिटचं अ‍ॅविसिंथ प्लस घ्यावं. प्रीफेचचा आकडा (एकाच वेळी किती कामं चालवायची ते) प्रोसेसरच्या प्रत्यक्ष कोअरइतका ठेवावा. त्याहून वाढवला तर वेग वाढत नाही, मेमरी मात्र संपते आणि मध्यरात्री केव्हातरी काम थांबलेलं सकाळी कळतं. एनएनईडीआयचा एफएफएमपेगमधला अवतार वापरायचा तर त्याच्या वजनांची फाइल वेगळी उतरवून जागा सांगावी लागते, नाहीतर तो चालूच होत नाही.

आधी काय, नंतर काय

डीइंटरलेसिंग साखळीत पहिलं. त्याआधी उंचीला हात लावायचा नाही. व्हीएचएसच्या तळाशी काही रेषांची वेडीवाकडी पट्टी असते, हेड बदलताना येणारी. ती बघून हात शिवशिवतात आणि कुणीतरी आधीच कापून टाकतं. वरून विषम संख्येत रेषा कापल्या तर वरचं फील्ड खालचं होतं आणि क्रम उलटतो. ४:२:० च्या (रंग निम्म्याच रेषांवर साठवणाऱ्या) इंटरलेस्ड चित्रात रंगाचं गणित सांभाळायचं तर चारच्या पटीतच कापावं लागतं. डीइंटरलेस झाल्यावर ही सगळी बंधनं सुटतात, मग निवांत कापा. उंची बदलणं त्याहून घातक: इंटरलेस्ड फ्रेम ५७६ वरून ७२० ला ताणली की दोन्ही फील्डच्या रेषा एकमेकांत कालवल्या जातात आणि दात जाड, मऊ, कायमचे होतात. यूट्यूबवरच्या जुन्या नाटकांच्या आणि किर्तनांच्या पुष्कळ चित्रफितींत हे जाड दात दिसतात.

रंगांतही एक खाच आहे. पाल डीव्हीत रंगाची माहिती ४:२:० असते आणि तीही फील्डप्रमाणे वेगळी. एखाद्या साधनाने ती फ्रेम प्रोग्रेसिव्ह समजून आरजीबीत नेली, की दोन क्षणांचे रंग मिसळतात. उजेडाचे दात नीट जातात, पण लाल शालूच्या हलत्या कडेला रंगाचे पट्टे राहतात. लाल रंगातच ते आधी दिसतात, म्हणून तपासणी नवरीच्या शालूवर करावी, नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर नाही.

मग दाणा कमी करणं, कापणं, आकार बदलणं, आणि शेवटी एन्कोडिंग. एक्स२६४ हा एन्कोडर, सीआरएफ १७ च्या आसपास, प्रिसेट ‘स्लो’, फ्रेमदर ५०. ७२० × ५७६ तसंच ठेवलं तर पिक्सेलचं प्रमाण १६:१५ लिहायला विसरू नये, नाहीतर माणसं उंच आणि सडपातळ होतात. रंगाचं लेबल बीटी ६०१ चं (जुन्या टीव्हीचं रंगमानक; एचडीचं बीटी ७०९). यूट्यूबवर टाकायचं असेल तर गणित बदलतं: तिथे ३० वरचे फ्रेमदर ७२० रेषांपासून पुढेच मिळतात, त्यामुळे ५७६ ची ५० वाली फाइल टाकली तर तिकडे पुन्हा निम्म्या फ्रेम जातात. म्हणून ९६० × ७२० किंवा १४४० × १०८० ला मोठं करून टाकायचं, आणि मोठं करतानाच रंग बीटी ७०९ मध्ये बदलायचे. नुसतं लेबल बदललं तर हिरवे आणि लाल किंचित सरकतात.

आवाजाची लांबी बदलायला नको. ५० केल्यावर चित्रफीत दुप्पट लांब झाली असेल तर फ्रेम वाढल्या पण दर २५ च राहिला. आणि कॅमेरा १२ बिटवर ठेवलेला असेल तर आवाज ३२ किलोहर्ट्झचा असतो. त्या फाइलला ४८ च्या फाइलशी जोडण्याआधी दोन्ही एका दरावर आणाव्यात.

जिथे काहीच करायचं नाही

डीइंटरलेस न करता इंटरलेस्डच एन्कोड करणं हाही पर्याय आहे. एच.२६४ मध्ये त्यासाठी नीट सोय आहे. एक्स२६४ ला ‘बीएफएफ’ सांगितलं की तो फील्ड ओळखून दाबतो. टीव्हीचा डिकोडर ते चांगलं उलगडतो. मोबाइल बऱ्याचदा नाही. नंतरच्या कोडेकपैकी एचईव्हीसीत तशी चौकोनागणिक सोय नाही, व्हीपी९ आणि एव्ही१ मध्ये तर इंटरलेसिंगची हत्यारंच नाहीत. मूळ डीव्ही फाइल जपलेली असेल तर या मधल्या रूपाची गरज फारशी पडत नाही.

चित्रपटाची पाल डीव्हीडी मात्र वेगळी. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट चार टक्के वेगाने पळवून २५ केलेला असतो. दोन्ही फील्ड एकाच क्षणाची. लेबल इंटरलेस्ड सांगतं, आत दात नाहीत. ‘सेपरेटफील्ड्स’मध्ये प्रत्येक चित्र दोनदा दिसतं, हीच खूण. त्यावर यॅडिफ लावणं म्हणजे बरी असलेली दाढ उपटणं. क्वचित फील्डच्या जोड्या एका घराने सरकलेल्या असतात आणि प्रत्येक हलत्या फ्रेममध्ये दात दिसतात. तिथेही डीइंटरलेस नको, एफएफएमपेगचा फील्डमॅच पुरतो, जोड्या पुन्हा जुळतात आणि काहीच गमावत नाही. एनटीएससी डीव्हीडीवरच्या चित्रपटात फील्ड तीन-दोन अशा पुनरावृत्तीने भरलेली असतात; तिथे फील्डमॅचनंतर जादा फ्रेम टाकणारा डेसिमेट लावून २३.९७६ वर यायचं. अमेरिकेतल्या कॅमेऱ्यावरचं बारसं मात्र खरं इंटरलेस्ड असतं, त्याचं ५९.९४ करायचं. ते आधीच कुणीतरी पालमध्ये बदलून पाठवलं असेल तर फील्ड मिसळलेली असतात, आणि मग मूळ एनटीएससी कॅसेट मागवण्याइतका चांगला उपाय दुसरा नाही.

तयार फाइलच्या नावात सगळं लिहून ठेवावं: मूळ डीव्ही, खालचं फील्ड आधी, क्यूटीजीएमसी, ५०पी. सहा महिन्यांनी घरातलं कुणीतरी तीच फाइल उघडतं, जुनी कॅसेट आहे म्हणून सवयीने डीइंटरलेसवर टिचकी मारतं, आणि दात नसलेल्या चित्रावर यॅडिफ पुन्हा एकदा फिरतो.